पायाखाली चालेल असं नाव

माणसं नाव कमावण्यासाठी आयुष्य घालवतात, असं मी कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं बसून अनेक पुस्तकांत वाचलं. पण एक नाव शोधण्यासाठी दुसऱ्याचं आयुष्य घालवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. बरं, ते नाव नातवाचं नव्हतं, की नव्या बंगल्याचं नव्हतं. शेंगाच्या चटणीचं होतं. चटणीच्या मागे कडक भाकरी, काळा मसाला आणि ज्वारीचं पीठ अशी तीन भावंडं रांगेत उभी होती, आणि चौघांना मिळून एकच नाव हवं होतं. एवढ्या एका नावासाठी त्यांनी संक्रांतीपासून श्रावणापर्यंत माझ्याकडून जी नावं काढून घेतली, तेवढ्यात एखाद्या मध्यम आकाराच्या गावाचं बारसं उरकलं असतं.

सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता कोणी कोणाला फोन करत नाही. त्या वेळी आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा जुनी भांडणं तात्पुरती मिटवून एकाच गाडीखाली झोपतात. साडूंच्या मते मात्र डोकं चालवायला हीच वेळ उत्तम, कारण दुकानात गिऱ्हाईक नसतं. पंखा पूर्ण वेगानं फिरत असायचा, डोळ्यांवर ओला पंचा असायचा आणि उशाशी फोन थरथरायचा. "झोपला काय री सर?" "झोपलो होतो." "मग जागे झाला ते बरं झालं. ते 'षड्रस' काय जमंना बघा. सकाळपास्नं आठ गिऱ्हाइकांना म्हणायला लावलं. तिघं म्हणाले, दोघं अडकले, आन तिघं म्हणाले, नको, आमाला साखरच द्या." मी निवृत्त ग्रंथपाल असल्यामुळे माझ्याकडे शब्दांचं गोदाम आहे, असा त्यांचा समज होता. त्यांच्या गोदामात जसा मसूर संपला तर मूग असतो, तसा माझ्याकडे एक शब्द चालला नाही तर दुसरा असणारच. "दुसरं द्या की," असं ते म्हणायचे, आणि मी डोळ्यांवरचा पंचा न काढता देत असे.

साडूंचं किराणा दुकान जुन्या पेठेत आहे. लांबट, अंधारं, आणि आत शिरल्यावर हिंग, गूळ आणि पोत्यांच्या तागाचा वास एकदम अंगावर येणारं. स्वतः साडू उंच, पांढरा फुल शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि खिशात दोन पेनं. त्यातलं एक लिहीत नाही. ते का बाळगता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मागायला येतात त्यांना द्यायला." घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, विणकरांच्या वस्तीतून येणाऱ्या बायकांशी मोडकंतोडकं तेलुगू आणि हमालांशी दख्खनी, अशा चार भाषांत ते एकाच वेळी गिऱ्हाईक करतात आणि कुठल्याच भाषेत घाई करत नाहीत. पोटचा मुलगा सोडला तर त्यांनी कोणाला एकेरी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. दुकानात शिरलेल्या गाईलासुद्धा ते "चला बाई आता" म्हणून बाहेर काढतात.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा कागदाच्या बाबतीत आहे. छापील अक्षर पायाखाली येता कामा नये. घरी आलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवरचा गणपती ते लहान कात्रीनं सोंडेला धक्का न लावता कापून काढतात. उदबत्तीच्या पुड्यांवरचे देव, कॅलेंडरवरचे संत, शुभेच्छापत्रांवरच्या लक्ष्म्या, सगळं एका कापडी पिशवीत जमा होतं, आणि वर्षाकाठी ती पिशवी घेऊन ते भीमेवर जातात. नदीला पाणी नसेल तर पाणी यायची वाट बघतात. एकदा आम्ही दोघं करमाळ्याकडचं एक लग्न आटोपून परतताना जेऊर स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत होतो. बाकावर कबुतरांनी आपलं काम करून ठेवलेलं. मी पिशवीतलं वर्तमानपत्र काढून पसरलं, तोच त्यांनी माझा हात धरला. "थांबा री. आधी बघू द्या कोण कोण हाय त्यात." मग त्यांनी उभ्यानंच ते वर्तमानपत्र तपासलं. पहिल्या पानावर पंचांग निघालं, ते बाद. दुसऱ्या पानावर कुणाच्या तरी आजोबांचं पुण्यस्मरण, तेही बाद. बाजारभावांचं पान मी पुढे केलं, तर म्हणाले, "गुळाच्या भावावर मी बसू? तुमी बसा." शेवटी एका स्कूटरच्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीवर आम्ही दोघं अंग चोरून टेकलो, आणि तेवढ्यात गाडी आली. हा प्रसंग मी पुढे बऱ्याच लग्नांत सांगून लोकांना हसवलं. त्याच वेळी थोडा विचार केला असता तर माझ्या सहा महिन्यांच्या दुपारी वाचल्या असत्या.

हे चटणीचं खूळ कुठून निघालं ते सांगायला हवं. साडूंचा मुलगा पुण्यात कंप्युटरमध्ये आहे. वाईट नाही, वडिलांची काळजी करतो. एवढंच की त्याला ती पुण्याहून करायची असते. पेठेतली ती जागा मोक्याची, आणि एका मोठ्या मॉलवाल्यांनी ती भाड्यानं मागितली होती. मुलाचं म्हणणं सरळ होतं: बाबांचे गुडघे गेलेत, गिऱ्हाईक मोबाईलवर गेलंय, आता दुकान उघडून बसायचं कशासाठी? साडू म्हणाले, "मी माझा स्वतःचा माल काढतो. वस्तीतल्या बायका करतील, मी विकीन, पिशवीवर नाव आपलं. तो चालला तर दुकान राहील. न्हाय चालला तर किल्ली तुला." मुलाच्या मित्राचं पुण्यात मोठं दुकान आहे. त्यानं एक फळी रिकामी ठेवायचं कबूल केलं, दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला माल फळीवर दिसला तर पुढचं बोलू. नाही तर फळीही दुसऱ्याला आणि दुकानही. माल तयार होता. चटणी तर अशी कुटलेली, की चिमूट बोटांत दाबली तर तेल सुटावं. लायसन निघालं, वजनकाटा आला, पिशव्यांची तोंडं चिकटवायचं यंत्र आलं. पण पिशवी छापायची तर तिच्यावर नाव हवं, आणि ते कुणालाच सापडत नव्हतं.

मी सुरुवातीला उत्साहात होतो, हे कबूल करतो. निवृत्तीनंतर कोणी आपल्याला काही विचारतंय, याचंच अप्रूप. मी 'सोलापुरी' सुचवलं. ते म्हणाले, "सोलापुरी म्हटलं की लोक चादर मागतात." मी 'देशमाती' सुचवलं. "चटणीत माती हाय असं आपणच कशाला सांगायचं?" 'भीमाकाठ' मला फार आवडलं होतं, अगदी कादंबरीला द्यावं असं. त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "उन्हाळ्यात नदी आटली की आपला माल कुणी घ्यायचा न्हाय." 'हुरडा' हे नाव एका महिन्याचं निघालं. अन्नाशी संबंधित सगळ्या देवी ट्रेडमार्कवाल्या वकिलांनी आधीच कुणी ना कुणी घेतलेल्या दाखवल्या. जे उरलं ते साडू आपल्या पद्धतीनं तपासायचे. नाव चिठ्ठीवर लिहून गल्ल्यावर ठेवायचं, चारही भाषांच्या गिऱ्हाइकांना म्हणायला लावायचं, मग मोडनिंबच्या एका भुसार व्यापाऱ्याला फोन करायचा. या गृहस्थांना कमी ऐकू येतं. त्यांना पहिल्या झटक्यात कळलं तर नाव पास. एप्रिल संपेपर्यंत त्यांना एकही कळलं नव्हतं, आणि त्यांनी साडूंच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, फोन करून "मालकांची तब्येत बरी हाय ना?" असं हळूच विचारलं होतं.

मेव्हणीचं मत वेगळं होतं. तिनं लग्नानंतर चाळीसएक वर्षं ह्याच माणसाबरोबर काढलेली. ती म्हणायची, "चटणी चांगली असली की नाव कोण वाचतंय? भाकरीवर घेतात आन खातात की." तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच ते कोणी मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात मुलानं पुण्याहून एका ब्रँडवाल्या बाईंना पाठवलं. त्या हुशार होत्या, विनयशील होत्या, आणि सोलापूरच्या मे महिन्यात काळे कपडे घालून आल्या होत्या, याचं मला मनापासून वाईट वाटलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या थप्प्यांमध्ये, चुन्याच्या भिंतीवर त्यांनी चित्रं दाखवली. डोंगर, धुकं, एका म्हातारीचे सुरकुतलेले हात, आणि त्यांखाली 'रूट्स अँड ग्रेन्स'. ब्रँडचा आत्मा, ब्रँडचा आवाज, ब्रँडचं वचन, असं त्या सांगत गेल्या. मी आयुष्यभर ग्रंथालयाच्या वार्षिक सभांना बसलो आहे, त्यामुळे आत्मा आणि वचन ऐकलं की माझे डोळे आपोआप मिटतात. साडू मात्र ताठ बसून ऐकत होते. बाई म्हणाल्या, "काका, अशी कल्पना करा की तुमचा ब्रँड हा एक माणूस आहे. तो कसा असेल?" साडूंनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "चप्पल बाहेर काढून आत येईल." बाईंनी ते लिहून घेतलं. कडक भाकरीचा गठ्ठा आणि चटणीचा डबा देऊन साडूंनी त्यांना स्टेशनवर पोचवलं, आणि परत येऊन मला म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. पण 'रूट्स अँड ग्रेन्स' हे मोडनिंबला कोण ऐकणार?"

जून गेला, जुलै गेला. मुलाचे फोन आता रोज येऊ लागले. मॉलवाल्यांची माणसं जागेची मापं घेऊन गेली. मापाची फीत धरायला त्यांना कोणी मिळेना, तेव्हा साडूंनीच दुसरं टोक धरलं. "आलेल्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं?" असं ते म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी मला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला, आणि आवाज एकदम मोकळा होता. "सर, नाव सापडलं. आईचं देतो. गौरव्वा."

मी उठून बसलो. खरोखरच चांगलं नाव होतं. चारही भाषांत बसत होतं, मोडनिंबला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं, वकिलांनी हिरवा कंदील दाखवला, मुलगा म्हणाला "परफेक्ट", आणि मेव्हणीनं सासूच्या फोटोला हार घातला. आठवड्यात नमुन्याच्या पिशव्या आल्या. तांबडा रंग, त्यावर सोनेरी अक्षरांत 'गौरव्वा'. साडूंनी मला दुकानात बोलावून घेतलं. मला वाटलं, पेढे असतील. त्यांनी एका पिशवीत चटणी भरली, ती फाडली, चटणी डब्यात ओतली, आणि रिकामी पिशवी चुरगळून दुकानासमोरच्या रस्त्यावर टाकली. "आता बघू," म्हणाले आणि पायरीवर बसले. मीही बसलो. दुसरं काय करणार? वयाची बेरीज एकशे पस्तीस होईल अशी दोन माणसं भर दुपारी रस्त्यावरच्या एका रिकाम्या पिशवीकडे टक लावून बसली होती. एक स्कूटर तिच्या अंगावरून न जाता शेजारून गेली. साडूंनी श्वास सोडला. एक शेळी आली, तिनं हुंगलं आणि सोडून दिलं. शाळेतून सुटलेली एक मुलगी तिच्यावरून उडी मारून गेली. मग घाईत चाललेल्या एका गृहस्थाचा पाय बरोबर सोनेरी अक्षरांवर पडला. आतल्या तेलानं पिशवी चपलेला चिकटली. चारपाच पावलं ती त्याच्याबरोबर फरफटत गेली. त्यानं वैतागून शेजारच्या दुकानाच्या पायरीच्या कडेला चप्पल घासली, पिशवी गटारात ढकलली आणि तो पुढे गेला.

साडू दुखऱ्या गुडघ्यांनी उठले. गटाराशी वाकून त्यांनी ती पिशवी काढली, आपल्या पांढऱ्या शर्टाच्या टोकानं पुसली, कपाळाला लावली आणि गल्ल्याच्या खणात ठेवली. "सर," म्हणाले, "आईला रस्त्यावर आणलं मी."

मी म्हणालो, "अण्णा, पिशवीवर कचराकुंडीचं चित्र छापतात. लोकांनी तिथं टाकावी म्हणून." ते म्हणाले, "ते चित्र बघून कोण टाकतंय हो? तुमी टाकता?" आता मला जेऊरचा बाक आठवला, आणि सहा महिन्यांची सगळी नकारघंटा एकदम उलगडली. 'भीमाकाठ' पाण्यामुळे गेलं नव्हतं, आणि देवींची नावं वकिलांनी सोडली असती तरी साडूंनी ठेवली नसती. "देवाचं नको," ते सांगत होते, "आईबापाचं नको. गावाचं, नदीचं नको. ज्याच्यावर कुणाचा पाय पडला तर चालंल, आन तरी लोकांनी ते तोंडात घालावं, असं नाव मला द्या. तुमच्या एवढ्या पुस्तकांत असंल की." माझ्या एवढ्या पुस्तकांत नव्हतं. दसऱ्याला चाळीस दिवस राहिले होते.

त्यानंतर आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. ज्या झोपेसाठी मी सहा महिने तळमळलो होतो ती आता मोकळी मिळाली, आणि मी दोन वाजता छताकडे बघत जागा पडून राहू लागलो. बायको म्हणाली, "अण्णांशी भांडलात का?" नवव्या दिवशी मी स्वतःच उठून, छत्री घेऊन, भर दुपारी पेठेत गेलो.

दुकानात साडू आपल्या खुर्चीवर नव्हते. ते जमिनीवर पोत्याला टेकून बसले होते आणि खुर्चीवर त्यांची बहीण होती, ऐंशीच्या पुढची, अक्कलकोटच्या पलीकडच्या गावाहून आलेली. हिरवी इरकल, हातात काठी, समोर ताटलीत दुधात भिजवलेली कडक भाकरी आणि बाजूला चटणी. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. साडूंच्या मुलाचं नाव हिनंच त्याच्या कानात सांगितलं होतं. आता चटणीचं नाव ठेवायलाही त्यांनी तिलाच बोलावलं होतं, कारण दुसरा कुठला रस्ता त्यांना दिसत नव्हता. हे मी समजून घेईपर्यंत तिचं खाऊन झालं होतं. तिनं हात धुतला, पदरानं तोंड पुसलं आणि भावाकडे बघून म्हणाली, "एवढं कशाला शोधायलास रे तिप्प्या?"

मी आजूबाजूला पाहिलं. तिथं दुसरं कोणी नव्हतं. पस्तीस वर्षांत या माणसाला कोणी एकेरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती, आणि त्यांचं शाळेच्या दाखल्यावरचं, लग्नपत्रिकेवरचं, दुकानाच्या पाटीवरचं नाव असं भारदस्त, की ते उच्चारताना माणूस आपोआप सरळ उभा राहतो. साडूंनी मान खाली घातली होती. "अक्का, सरांसमोर नको," ते म्हणाले.

"सरांसमोर नको तर कुणासमोर?" म्हातारी माझ्याकडे वळली. "तुमाला कन्नड येतं का री? थोडं येतं? मग तिप्पे म्हणजे काय?"

"उकिरडा," मी म्हणालो.

"हां. ह्याच्या आधी दोन भाऊ झाले आमाला. एकाचं नाव राजशेखर, एकाचं चंद्रशेखर. लई गोड नावं. दोन्ही गेले, वर्षाच्या आत. हा झाला तवा आईनं ह्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. मी नऊ वर्षांची. मला म्हणाली, जा, टाकलेलं पोर उचलून आण, आन तूच नाव ठेव. मी आणलं. तिप्पण्णा नाव ठेवलं. असल्या नावाकडं वरचा बघत न्हाय. न्हाय बघितलं त्यानं." तिनं भावाच्या डोक्याकडे काठी केली. "बघा की, केवढा झाला. शाळेत पोरं हसली म्हणून ह्यानंच मास्तरांना सांगून दुसरं नाव घातलं. आई आठ दिवस जेवली न्हाय. भ्याली हुती, आता ह्याला काय हुतंय म्हणून."

ही चाल मी पुस्तकात वाचली होती. दगडू, धोंडू, केरबा, अशा नावांवर आमच्या ग्रंथालयात एक जाडजूड प्रबंधही होता, आणि त्याला कोणी हात लावत नसल्यामुळे तो मीच वाचला होता. पण तळटीप होऊन गेलेली गोष्ट पोत्याला टेकून समोर बसलेली मी प्रथमच पाहत होतो.

मग साडूंनी खिशातून पेन काढलं. आधी न लिहिणारं हाती आलं, ते ठेवून दुसरं काढलं. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठीवर त्यांनी ते नाव कन्नडमध्ये लिहिलं, खाली मराठीत लिहिलं, आणि मला काही कळायच्या आत उठून चिठ्ठी रस्त्यावर टाकली. आम्ही तिघं पायरीशी आलो. एक रिक्षा चिठ्ठीवरून गेली. मग पाण्याची घागर घेतलेली एक बाई, मग दोन चपला, मग आणखी एक रिक्षा. साडू बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. भाकरी फुगताना बघावं तसं ते बघत होते.

"चालतंय," ते म्हणाले. "ह्याला काय हुत न्हाय. हे तुडवायलाच ठेवलं हुतं."

"तेच की," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर जगलास."

पुढचं सगळं भराभर झालं. पुण्याच्या बाईंना नाव बेहद्द आवडलं. "किती अस्सल आहे, किती मातीतलं!" असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि ते किती मातीतलं आहे हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्यांनी पिशवीच्या पाठीवर छापायला एक मजकूर पाठवला. त्यात तिप्पण्णा नावाचा एक राजघराण्याचा मुदपाकखाना सांभाळणारा आचारी होता आणि पिढ्यान्पिढ्या जपलेलं एक गुपित होतं. शुद्धलेखन तपासायला तो माझ्याकडे आला. मी साडूंना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मागं वजन छापा, तारीख छापा, आन 'कोरड्या जागी ठेवा' छापा. बाकी काय नको." मोडनिंबच्या व्यापाऱ्यांना फोन केला, तर ते पलीकडून ओरडून म्हणाले, "तिप्पण्णा ना? कळलं की! त्यात काय एवढं?" दुकानात पहिल्या दिवशी अक्कलकोटकडच्या जुन्या गिऱ्हाइकांतला एक जण पिशवी हातात घेऊन मोठ्यानं हसला. "मालक, उकिरड्याची चटणी काढली व्हय?" साडूंनी झाकण उघडून डबा पुढे केला. "व्हय. उकिरड्याचीच हाय. खाऊन बघा." त्यानं खाल्ली, आणि दोन पिशव्या नेल्या.

दसऱ्याला माल पुण्याच्या फळीवर होता. फार खपला असं नाही, अगदीच पडून राहिला असंही नाही. मुलगा दिवाळीला आला तेव्हा मॉलवाल्यांचा विषय निघाला नाही, जाताना फक्त म्हणाला, "बघू अजून एक वर्ष." मापं घेणारी माणसं परत आली नाहीत. साडू रोज सकाळी कुलूप काढतात, लग्नपत्रिकांवरचे गणपती कापतात, आणि दुपारी दोनला त्यांचा फोन येत नाही. मी झोपतो. खरं म्हणजे झोपत नाही, नुसता पडतो. डोळे मिटले की कुठलं तरी नाव सुचतं, आणि ते नाकारायला कोणी नसतं.

परवा स्टेशनकडून चालत येत होतो. फुटपाथच्या कडेला एक तांबडी पिशवी पडलेली दिसली. फाटलेली, तेलकट, सोनेरी अक्षरांतल्या 'तिप्पण्णा'वर कुणाच्या तरी बुटाचा पूर्ण ठसा. माझं पुढचं पाऊल तिच्यावरच पडणार होतं. मी ते मधेच आवरलं आणि भर गर्दीत, एका पायावर, शेजारच्या खांबाचा आधार घेऊन उभा राहिलो. मग इकडंतिकडं बघितलं, वाकलो, पिशवी उचलली, घडी केली आणि खिशात घातली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. साडूंना हे मी सांगितलेलं नाही. कळलं तर म्हणतील, "काय री सर, ते तुडवायचंच नाव हाय की." असेल. पण मला ते पस्तीस वर्षांनी कळलं. इतक्या लवकर त्याच्यावर पाय देणं मला जमलं नाही.